एरियल, टिकल्या आणि आईचा दांडा

आमच्या घरात रेडिओबद्दल एकच सिद्धांत होता आणि तो बाबांचा होता, वायर जेवढी लांब तेवढं स्टेशन क्लिअर. चरईतल्या चाळीत आमच्या खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तांब्याच्या तारेची विणलेली जाळीदार पट्टी ताणलेली असायची, दोन्ही टोकांना सुतळी, आणि एक वायर खाली रेडिओच्या मागे गेलेली. तिला सगळे एरियल म्हणायचे, अँटेना हा शब्द टीव्हीबरोबर घरात आला. आईच्या मते त्या पट्टीचा खरा उपयोग जळमटं धरायला व्हायचा, पण मुंबई ब वरच्या बातम्या शेजारच्या तीन खोल्यांपेक्षा आमच्याकडे स्वच्छ यायच्या हे ती पण मान्य करायची.

त्यामुळे मागच्या वर्षी मी घरात स्कॅनर आणला आणि तो नुसता खरखरत बसला तेव्हा बाबा पेपर खाली न ठेवता म्हणाले, "वायर लांब कर."

मी केली. चार मीटर वायर हॉलभर फिरवली. जे थोडंफार येत होतं तेही गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्कॅनर म्हणजे असा रेडिओ जो एका स्टेशनवर बसून राहत नाही, दिलेल्या फ्रिक्वेन्सी एकामागून एक तपासत जातो, कुणी बोलताना सापडला की थांबतो, त्याचं झालं की पुढे निघतो. कॉलनीतल्या वॉचमनसारखा. माझा हातात मावणारा आहे, जुना, एका सीनियर हॅमने (हॅम म्हणजे लायसन्स घेतलेला हौशी रेडिओवाला) "पडूनच आहे, घेऊन जा" म्हणून दिलेला. आपल्याकडे वायरलेसचा मामला पहिल्यापासून नाजूक, १८८५ चा टेलिग्राफचा कायदा, मग १९३३ चा वायरलेसचा, आता २०२३ चा नवीन, तेव्हा हे वाचून कुणी लगेच ऑनलाइन ऑर्डर टाकू नका, लायसन्सचं आधी बघा. मी हौशी रेडिओची परीक्षा देऊन रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स घेतलंय आणि ऐकतो ते पण आमच्या हॅम लोकांचेच बँड, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि वरती ४३५ च्या आसपास. शिवाय डोक्यावरून जाणारं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, ते १४५.८०० वर अधूनमधून बोलतं. पोलीस, फायर ब्रिगेड वगैरे आपलं काम नाही, तिकडे कान लावायचा नाही.

आता हा प्रश्न गच्चीवर एक दांडा ठोकला असता तर एका दुपारी मिटला असता. मी सेक्रेटरी काकांना विचारलं पण होतं. ते म्हणाले, "अरे मोबाईलचा टॉवर नको म्हणून आपण दोन वर्षं भांडलो, आता तुझा टॉवर लावायचा?" म्हणलं काका टॉवर नाही, पाच फुटी काठी आहे. तर म्हणे आज काठी लावशील उद्या टॉवर. वर बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे (गेली नऊ वर्षं जाणार आहे), त्यामुळे कुठलीच नवीन गोष्ट लावायची नाही असा अलिखित ठराव. खरं सांगायचं तर ते एका अर्थी बरंच झालं, कारण गच्चीवर धातूची काठी म्हणजे पावसाळ्यात विजेची भीती, मग अर्थिंग करा, अरेस्टर बसवा, प्रत्येक गडगडाटाला वायर काढा. घरात ती कटकट नाही. दुसऱ्याच कटकटी असतात.

आम्ही नौपाड्यात राहतो, चार मजली जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, आणि आजूबाजूला आता तीन टॉवर उभे राहिलेत. व्हीएचएफच्या लहरी (आमचे १४४ ते १४६ त्यातच येतात) बऱ्याचशा सरळ रेषेत जातात, समोर जे आडवं येईल ते आडवं येतंच. म्हणजे आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

पहिली गोष्ट माझ्या लक्षात आली ती फारच विचित्र होती. स्कॅनर हातात धरला की आवाज यायचा आणि टेबलावर ठेवला की जायचा. परत उचलला, आला. मुलगी म्हणाली बाबा त्याला एकटं वाटतं. मला वाटलं लूज कनेक्शन, उघडून बघायच्या बेतात होतो. मग त्या सीनियर हॅमना फोन केला तर ते हसायलाच लागले, म्हणाले, अरे अँटेनाला दोन बाजू असतात, वर दिसतो तो रबराचा दांडका म्हणजे अर्धीच अँटेना, दुसरी अर्धी म्हणजे स्कॅनरची बॉडी आणि ती धरणारा तू. टेबलावर ठेवलास की तिचा अर्धा भागच काढून घेतलास. (त्या रबरी दांडक्याला जगभर रबर डक म्हणतात. आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार असते, म्हणून आखूड. खिशात मावायला बरी, बाकी बेताचीच.)

उपाय त्यांनी फोनवरच सांगितला आणि तो फुकट होता. एक साधी वायर घे, ४९ सेंटिमीटरची, तिचं एक टोक सोलून अँटेना जिथे स्कॅनरला बसते त्या बीएनसी कनेक्टरच्या बाहेरच्या कड्याला गुंडाळ आणि बाकीची खाली लोंबू दे. हॅम लोक तिला वाघाची शेपटी म्हणतात. आमच्या स्कॅनरला ती उंदराच्या शेपटीसारखी दिसत होती पण काम वाघाचं केलं. टेबलाच्या कडेला ठेवला, शेपटी खाली सोडली, आणि जो माणूस इतके दिवस खरखरीच्या मागून बोलत होता तो चक्क शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा यायला लागला. मी पुढे जे काही पैसे घालवले ना, त्यातल्या कशानेही त्या एका वायरीइतका फरक पाडला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

४९ च का, हे बाबांनी विचारलं. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते, त्यांना माप सांगितलं की ते कुठून आलं हे लागतं. मी वहीवर मांडून दाखवलं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ ने भागलं की साधारण दोन मीटर, त्याचा चौथा हिस्सा बावन्न सेंटिमीटरच्या जरा खाली, आणि प्रत्यक्ष तारेत ती चार-पाच टक्के आखूड धरावी लागते म्हणून ४९. मग तोच हिशोब चाळीतल्या पट्टीला लावला. अस्मिता वाहिनी, म्हणजे आपलं जुनं मुंबई ब, ५५८ किलोहर्ट्झवर आहे, लहर निघते ५३७ मीटर, तिचा चौथा हिस्सा १३४ मीटर. आमची खोली बारा फुटांची. म्हणजे बाबांची पट्टी त्या लहरीपुढे मुंगीएवढी, आणि जिथे लागणाऱ्या लांबीचा पस्तिसावा-चाळिसावा भागच आहे तिथे अजून थोडी वायर जोडली की फायदा होणारच. सिद्धांत चुकीचा नव्हता. पण तो मीडियम वेव्हचा होता. इथे दोन मीटरच्या लहरीला मी चार मीटर वायर लावून बसलो होतो, अशा वायरीला सिग्नल एका दिशेने येतो, दुसरीकडून गायब होतो, रेडिओशी तिचं जमत पण नाही आणि वाटेतला सगळा कचरा मात्र ती इमानदारीत गोळा करते.

बाबा वहीकडे बघत बसले थोडा वेळ. मग म्हणाले, "म्हणजे लांब नाही, मापात पाहिजे." आणि आत जाऊन त्यांचा व्हर्नियर घेऊन आले. त्या दिवसापासून हा उद्योग माझा एकट्याचा राहिला नाही.

यानंतर समंजस माणसाने थांबायला हवं होतं. पण मी लॅमिंग्टन रोडला गेलो.

लॅमिंग्टन रोडला ज्याने कधी पाऊल टाकलंय त्याला माहितीये की तिथे आपण एक कनेक्टर घ्यायला जातो आणि पिशवी घेऊन परत येतो. मला तिथे एक टेलिस्कोपिक अँटेना मिळाली, पूर्ण ओढली की एक मीटर वीस, दुकानदार म्हणाला "साब फुल खींचो, फुल आयेगा." अगदी बाबांचाच सिद्धांत. ती पूर्ण न ओढता ४९ सेंटिमीटरला थांबवली तर छान चालते, एफएम ऐकायचं तर पाऊण मीटर, ४३५ ला सोळा-सतरा सेंटिमीटर, एका दांड्यात सगळी मापं, त्यामुळे ज्यांना एकच काहीतरी घ्यायचंय त्यांना मी हीच सांगेन. बाबांनी तिच्यावर नेलपॉलिशने खुणा करून दिल्या, नेलपॉलिश सुनेचं.

दुसरी घेतली गाडीवर चिकटवायची, खाली लोहचुंबक असलेली. हिला खाली धातूचा पत्रा लागतो, तो पत्रा म्हणजे तिची दुसरी बाजू. गाडीचं छप्पर कुठून आणणार, म्हणून मी आईचा मोठा स्टीलचा पिठाचा डबा उपडा घातला आणि वर अँटेना ठेवली, तर ती चिकटेचना. पडायची. मला वाटलं चुंबक खराब दिलाय. बाबांनी डबा वाजवून बघितला आणि म्हणाले, "चांगलं स्टील आहे ते, ३०४. चुंबक धरणार नाही. तुझ्या आईने आणलेलं भांडं आहे, हलकं नसणार." आईने हे वाक्य नंतर आठवडाभर वेगवेगळ्या पाहुण्यांना सांगितलं. शेवटी अँटेना गेली बेडरूममधल्या गोदरेजच्या कपाटावर, तिथे खटकन चिकटली, साडेसहा फूट उंची, खाली मस्त लोखंडी पत्रा, पुस्तकात दाखवतात तसं. आणि सिग्नल? बेताचाच. कारण बेडरूम आतल्या बाजूला, चारी बाजूंनी भिंती, वर स्लॅब, आणि स्लॅबमध्ये काय असतं तर सळयांची जाळी.

तिसरी मी विकत नाही घेतली, उसनी आणली, डिस्कोन. वर चकतीसारख्या आडव्या काड्या, खाली उतरत्या काड्या, काड्यांच्या छत्रीवर कुणी ताट ठेवल्यासारखी. स्कॅनरवाल्यांमध्ये हिला फार मान, कारण २५ पासून १३०० मेगाहर्ट्झपर्यंत सगळं हिच्यात येतं. नाकापेक्षा मोती जड. अर्धा हॉल तिनेच खाल्ला, मुलीने तिच्यावर मोजे वाळत घातले, आणि बायकोने अतिशय शांत आवाजात विचारलं, "ही किती दिवस आहे?" शांत आवाज हा आमच्याकडे शेवटचा इशारा असतो.

पण तिला परत पाठवायचं खरं कारण वेगळंच निघालं. लावल्या लावल्या स्कॅनरवरचे सगळे बार भरले, मी खूश, आणि १४५ वर हॅमऐवजी एक रेडिओ जॉकी बोलायला लागला. ट्रॅफिक, जोक, पनवेलच्या प्लॉटची जाहिरात. चॅनेल बदललं तरी तोच. असं होतं कारण आपल्या मुंबई-ठाण्याच्या हवेत ८८ ते १०८ मध्ये एफएमची इतकी दणदणीत स्टेशनं आहेत की सगळं गोळा करणारी अँटेना लावली की छोट्या स्कॅनरच्या पोटात त्यांची सरमिसळ होते, दोन जोरदार स्टेशनं मिळून जिथे कुणीच नाही तिथे तिसरंच भूत तयार करतात. मधल्यामध्ये खरा सिग्नल, जो बिचारा लांबून पाच वॉटच्या हँडसेटवरून आलेला असतो, तो गुदमरतो. तेव्हा अँटेना घेताना नुसते बार बघू नका. बार भरलेले असणं आणि ऐकू येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ऑनलाइन मिळणारे ते छोटे अँप्लिफायर पण याच कारणासाठी सांभाळून, ते सिग्नल वाढवतात तसा कचरा पण तेवढाच वाढवतात, आणि ज्याचं पोट आधीच बिघडलंय त्याला अजून वाढायचं हे काही औषध नाही.

यावर एफएम अडवणारा फिल्टर विकत मिळतो, पण एक देशी इलाज आहे, कुणी सांगितला तेव्हा मला थट्टाच वाटली. स्कॅनरच्या तोंडाशी टी-कनेक्टर लावायचा, एका बाजूला अँटेना, दुसऱ्या बाजूला को-ऍक्सियल वायरचा (केबल टीव्हीची असते तशी, मध्ये तार आणि भोवती जाळी) एक तुकडा, ज्याचं पुढचं टोक कशालाच जोडायचं नाही, उघडं सोडायचं. तुकड्याची लांबी नको असलेल्या लहरीच्या चौथ्या हिश्श्याएवढी. लहर त्या टोकाशी जाऊन उलटी परत येते आणि नेमकी उलटी आल्यामुळे स्वतःलाच मारते. वायरच्या आत लहर हळू चालते, आरजी ५८ नावाच्या साध्या को-ऍक्सियलमध्ये हवेतल्या वेगाच्या ६६ टक्के, म्हणून ९८ मेगाहर्ट्झला तुकडा ५० ते ५१ सेंटिमीटर निघतो. बाबांनी ५५ चा कापला आणि मग टोकाने दोन-दोन मिलिमीटर कमी करत गेले, लेथवर जॉब घेतल्यासारखं, मी कानाला स्कॅनर लावून बसलो. "आता?" "आहे अजून." "आता?" "कमी झाला." "आता?" आणि तो जॉकी वाक्याच्या मध्येच बुडाला. हॅमचा सिग्नल पण यात किंचित कमी होतो, पण ते चालतं. त्या तुकड्याला घरात आता गळफास म्हणतात.

तोपर्यंत मला हे कळून चुकलं होतं की मी अँटेना बदलतोय आणि प्रश्न घराचा आहे. मग एका रविवारी उलटं केलं. अँटेना तीच ठेवली, ४९ वर ओढलेली टेलिस्कोपिक आणि खाली शेपटी, आणि सततचा येणारा एक रिपीटर (छोट्या सेटचा आवाज उचलून पुन्हा जोरात पाठवणारं हॅमचं स्टेशन) लावून घरभर फिरलो. रेडिओवाल्यांना हे माहीत असतं पण मला अंगावर आल्याशिवाय पटलं नाही, घरात सिग्नल सारखा पसरलेला नसतोच. खिडकीतून थेट आलेली लहर आणि समोरच्या टॉवरवर आपटून आलेली लहर कुठे एकमेकींना साथ देतात कुठे एकमेकींना मारतात, त्यामुळे सोफ्याच्या या टोकाला स्वच्छ आवाज आणि त्या टोकाला शांतता. १४५ ला साधारण मीटरभर सरकलं की चित्र पालटतं, ४३५ ला तर वीतभर-दीड वीत. चांगली जागा सापडली की खूण करायला मी मुलीकडे स्टिकर मागितलं, तिने तिच्या आईचं टिकल्यांचं पाकीट आणून दिलं. संध्याकाळपर्यंत आमच्या भिंती, दरवाजे, फ्रिज सगळीकडे लाल टिकल्या. १४५ च्या लाल आणि ४३५ च्या मरून, कारण दुसऱ्या पाकिटात मरून होत्या. बायको बाहेरून आली, तिने काहीच विचारलं नाही, फक्त किती वापरल्यास तेवढं म्हणाली.

त्या टिकल्यांनी एक गोष्ट दाखवली जी मला कधी सुचली नसती. हॉलच्या मोठ्या खिडकीत, जिथून कोपरीच्या बाजूचं निम्मं आकाश दिसतं, तिथे एकही लाल टिकली नव्हती. कारण तिला लोखंडी ग्रिल आहे, बॉक्स ग्रिल, आत कुंड्या ठेवलेली. ग्रिलची भोकं असतील चार-पाच इंचाची, आपल्याला त्यातून सगळं दिसतं म्हणून वाटतं मोकळं आहे, पण दोन मीटरच्या लहरीला ती जाळी म्हणजे जवळजवळ पत्राच. ४३५ ची लहर सत्तर सेंटिमीटरची, ती थोडीफार झिरपते, म्हणून तिथे दोन मरून टिकल्या होत्या. आणि मागच्या गॅलरीत, जी अरुंद, अंधारी, जिथे वॉशिंग मशीन आणि आईचं कपडे वाळत घालायचं साम्राज्य आहे, तिथे लाल टिकल्यांची रांग. गॅलरीला ग्रिल नाही, कबुतरांसाठी नायलॉनची जाळी आहे, आणि नायलॉन लहरीला काहीच करत नाही. शिवाय तोंड पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे, आणि त्या बाजूला दोन टॉवरच्या मधून आकाशाची एक उभी फट आहे.

अजून एक राहिलं, खरखर. सिग्नल आहे पण त्याच्याखाली एक सतत झिंग्ग असा आवाज. स्कॅनर बॅटरीवर चालतो, त्यामुळे मी मेन स्विच बंद केला, आवाज गेला, म्हणजे चोर घरातलाच. मग एक एक एमसीबी वर. किचन नाही, बेडरूम नाही, हॉलचा वर केला आणि झिंग्ग. वायफायचा अडॅप्टर काढला तर थोडं कमी झालं. टीव्ही, चार्जर, काही नाही. शेवटी सापडलं देवघरात. गणपतीच्या फोटोला आईने एलईडीची माळ लावली होती, रस्त्यावरून ऐंशी रुपयाला घेतलेली, तिच्यातला स्वस्त सर्किटचा ठोकळा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो आणि त्याचा आवाज पार व्हीएचएफपर्यंत पसरतो, घरातलं वायरिंग त्याची अँटेना बनतं. मी म्हणलं आई, ही माळ काढावी लागेल. आई म्हणाली, "देवाच्या दिव्याचा त्रास होतो तुझ्या रेडिओला?" याला काय उत्तर आहे सांगा. मी म्हणलं देवाचा नाही, ठोकळ्याचा. दोन दिवस अबोला, मग तडजोड, माळेच्या जागी लाल झिरोचा बल्ब, जुना तारेचा, जो कुठलाही आवाज करत नाही आणि आईला चाळीतल्या देव्हाऱ्याची आठवण देतो. वायफायच्या वायरीला मी असली खरखर अडवणारा फेराइटचा मणी अडकवला, थोडा फरक पडला, फार नाही.

मग बाबांनी आणि मी शेवटची अँटेना घरीच केली. साधा डायपोल. तांब्याच्या वायरचे दोन तुकडे, ४९ आणि ४९, वायरिंगच्या प्लास्टिक पट्टीवर एकाच रेषेत, मध्ये बोटभर फट, आणि फटीतून को-ऍक्सियल आडवी निघालेली, मधली तार वरच्या तुकड्याला, जाळी खालच्याला. उभीच लावायची, आडवी नाही, कारण हातातले सेट आणि रिपीटर उभ्या अँटेनाने बोलतात, आपण आडवी केली तर सरळ सरळ नुकसान. यातली गंमत म्हणजे १४५ ची तिप्पट ४३५, त्यामुळे हाच डायपोल वरच्या बँडला पण बऱ्यापैकी चालतो, वेगळं काही लागत नाही. वायर मात्र दुकानदाराने दिलेली आरजी ५८ नाही वापरली. तिच्या दहा मीटरमध्ये ४३५ चा निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच मरतो. त्यापेक्षा केबल टीव्हीची जुनी आरजी ६ माळ्यावर गुंडाळी करून पडली होती, ती लावली. जाणकार सांगतील ती ७५ ओमची आहे आणि स्कॅनर ५० चा, बरोबर आहे, पण त्या फरकाने जेमतेम चार टक्के परत जातात आणि त्या वायरमधला लॉस निम्म्यापेक्षाही कमी आहे. नुसतं ऐकायचंय तर बिनधास्त वापरा. सगळा खर्च कनेक्टर धरून दोनशेच्या आत आला असेल.

टांगायची कुठे, तर लाल टिकल्यांच्या मधोमध, म्हणजे आईच्या कपड्यांच्या दांड्याला. दोरीवर वर-खाली होणारे चार दांडे आहेत, त्यातला कडेचा. दांडे आडवे, डायपोल उभा, त्यामुळे दोघांचं एकमेकांशी वाकडं नाही, निदान विजेच्या भाषेत तरी. आईला मी दहा दिवसांपुरतं म्हणून सांगितलं होतं.

अंतराळ स्थानकावरून कधीकधी चित्रं पाठवतात, आवाजाच्या रूपात, शिट्ट्या शिट्ट्यांचा एक चढउतार असतो, एक चित्र दोन मिनिटांचं. मोबाईलवर ऍप लावून फोन स्कॅनरच्या स्पीकरसमोर धरला की स्क्रीनवर वरून खाली ओळ ओळ उमटत जातं. ते स्थानक साधारण चारशे किलोमीटर उंचीवरून दीड तासाला पृथ्वीची एक फेरी मारतं, आपल्या आकाशात फार तर दहा मिनिटं, आणि आमच्या गॅलरीच्या फटीत त्यातली तीन-चार. पहिल्या खेपेला सगळे गॅलरीत उभे होते, वॉशिंग मशीनला टेकून. फ्रिक्वेन्सी आधी जरा वर लागते, जवळ येतंय म्हणून, मग खाली घसरते. खरखर, खरखर, आणि मग त्या खरखरीतून शिट्टी वर आली, एकदम स्वच्छ. अर्धं चित्र उमटलं, वर निळी पट्टी, काही अक्षरं, माणसाचं डोकं असावं असं काहीतरी, आणि मग स्थानक आमच्या बिल्डिंगच्या डोक्यावरून पूर्वेला निघून गेलं, खाली नुसता वाळूसारखा करडा पट्टा. मुलगी म्हणाली अर्धंच आलं. बाबा फोन हातात घेऊन चष्मा वर करून ते अर्धं चित्र बघत होते. "वरून आलं हे?" म्हणाले. म्हणलं हो. "आणि एवढ्याशा तारेवर." मग त्यांनी तिथल्या तिथे खिशातली टेप काढून डायपोलचं वरचं माप परत एकदा घेतलं. ४९ च होतं.

दहा दिवसांचे आता पाच महिने झालेत. डायपोल तिथेच आहे, टिकल्या पण बऱ्याच शिल्लक आहेत, फ्रिजवरच्या दोन मुलीने शाळेच्या वहीला लावल्या. एक भांडण मात्र रोजचं आहे. डबलबेडची ओली चादर डायपोलच्या समोर आली की दोन बार सरळ कमी होतात, पाणी सिग्नल पितं, आणि दोरी ओढून दांडा खाली घेतला की डायपोल टिकल्यांच्या रांगेतून हलतो. म्हणून किचनमधल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी आता मी स्थानकाच्या वेळा पण लिहून ठेवतो. काल आईने तिथूनच हाक मारली.

"आज कधी जातंय रे ते तुझं?"

"सात वाजून बारा मिनिटांनी."

"मग चादरी मी सात वाजता काढते. पण टॉवेल ओले आहेत, ते राहतील."

टॉवेलचं बघून घेऊ, मी म्हणलं.